उचलणे आणि ठेवणे



मागच्या महिन्यात लोणच्याच्या लेखाखाली दोघीतिघींनी विचारले होते, "ताई, तुम्ही म्हणे कुठल्याशा उंदरांच्या कमिटीवर आहात, ते काय प्रकरण?" उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमच्या भागातल्या एका फार्मसी कॉलेजात एम. फार्म.ची मुले औषधांचे प्रयोग पांढऱ्या उंदरांवर करतात. लहान ते माइस, मोठे ते रॅट. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ साली नियम झाले आणि अशा प्रत्येक संस्थेत प्राणी नीती समिती आली. तिच्या परवानगीशिवाय एकाही प्राण्याला हात लावता येत नाही. समितीत वैज्ञानिक असतात, पशुवैद्य असतात, आणि वैज्ञानिक नसलेला पण सामाजिक जाण असलेला एक सदस्यही असतो. पांजरपोळातल्या माझ्या कामामुळे त्या जागेसाठी माझे नाव सुचवले गेले. तीन वर्षे झाली.

घरी आधी वादळच झाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपण पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडणारी माणसं. मुक्या जिवांच्या मरणाच्या कागदावर तुझी सही?" त्यांचे चुकले असे मी तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणत नाही. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो. गृहस्थाने निदान संकल्पी हिंसा तरी सोडावी, हेही शिकलो. प्रयोगशाळेतली हिंसा उद्योगी म्हणून सोपी करून घ्यावी, असे मला वाटत नाही. ठरवून, तारीख घालून केलेली गोष्ट आहे ती.

पण सासूबाई स्वतः रोज इन्शुलिन घेतात. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधले ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. पुढे कितीतरी दशके ते कत्तल केलेल्या गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आधीच्यांनी पाप केलं, आणि त्यातून सुटायची वाटही त्यांनीच काढली." मी समितीवर गेले ती या वाक्यामुळे. त्या वाटेवर कोणीतरी उभे राहून विचारत राहिले पाहिजे.

दरवर्षी नव्या मुलांच्या हाती पहिला प्राणी देण्याआधी तीन दिवसांचे प्रशिक्षण असते. मी त्याला बसतेच. शिकवतात आमच्या पशुवैद्य मॅडम. पहिल्या दिवशी प्राण्याला हात लावायचा नाही. पिंजऱ्यासमोर अर्धा तास गप्प बसायचे आणि दिसेल ते वहीत लिहायचे. मुले आधी कंटाळतात, मग त्यांना दिसू लागते. हे रात्रीचे प्राणी. दुपारी दोन वाजता त्यांना उठवणे म्हणजे आपल्याला रात्री दोनला उठवण्यासारखे. पांढऱ्या उंदरांच्या लाल डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही. एकटे ठेवले तर ते खंगतात. रॅट घाबरला की आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या स्वरात ओरडतो. त्रासात असला की डोळ्यांभोवती आणि नाकाशी लालसर स्राव येतो. मुलांना ते रक्त वाटते. ते रक्त नसते, पण त्याच्या त्रासाची खूण असते. मॅडम म्हणतात, "जो आवाज ऐकू येत नाही, तो डोळ्यांनी ऐकायला शिका."

दुसऱ्या दिवशी उचलायला शिकवतात. वर्षानुवर्षे उंदीर शेपटीला धरून उचलत आले. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की शेपटीने उचललेले माइस माणसाच्या हाताला भितात. प्लास्टिकच्या नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचलले, तर तेच उंदीर आपणहून हाताजवळ येतात. आमच्याकडेही आता प्रत्येक पिंजऱ्यात नळी असते. नळी कसली, नळकामाच्या दुकानातल्या पाइपाचा वीतभर तुकडा.

ते पाहताना मला आपली आदान-निक्षेपण समिती आठवली. वस्तू उचलताना आणि ठेवताना जीव दुखावू नये म्हणून आधी बघायचे, मग हात घालायचा. मुनिमहाराज कमंडलू टेकवण्याआधी पिंछीने जागा साफ करतात, ते यासाठीच. आपण कधी ही समिती खरोखरच्या जिवाला उचलण्यासाठी वापरली आहे का? इथे तेच शिकवत होते. ठेवणेही शिकवतात. वरून सोडायचे नाही. पाय जमिनीला लागले की मगच हात सोडायचा.

मुलांशी बोलायची माझी पाळी आली की मी धर्माचे नाव घेत नाही, पण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मनात धरूनच बोलते: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बैलगाडी आणि गोठ्यासाठी सांगितलेले हे पाच नियम प्रयोगशाळेला इतके चपखल लागू पडतील असे मला वाटले नव्हते.

बंध म्हणजे किती वेळ जखडून ठेवणार? घड्याळ लावून सांगा. वध म्हणजे इथे मारहाण. धसमुसळा हात त्यातच येतो. छेद: ओळख पटावी म्हणून कान कातरायची गरज आहे का? थोड्या दिवसांचा अभ्यास असेल तर शेपटीवर मार्करच्या रेघा पुरतात. अतिभार: तोंडाने औषध द्यायचे तर साधारणपणे १०० ग्रॅम वजनामागे १ मिलीपेक्षा जास्त द्रव नको. म्हणजे २०० ग्रॅमच्या रॅटला २ मिली. अन्नपाननिरोध: औषधाआधी रॅटला रात्रभर उपाशी ठेवतात, पण पाणी काढायचे नसते. माइसना तर तीनचार तासांहून जास्त उपाशी ठेवायचे नाही, कारण एवढ्याशा देहात साठा तो किती. एकाने अर्जात सरसकट 'रात्रभर उपवास' लिहिले होते. मी विचारले, "माइससुद्धा? आणि पाणी?" तो गोंधळला. त्याने अर्ज दुरुस्त करून आणला.

बाकी माझे प्रश्न घरातल्या बाईचेच असतात. रविवारी पाणी कोण भरणार? दिवाळीच्या सुट्टीत? मे महिन्यात वीज गेली तर खोली थंड कशी राहणार? मोठ्या शास्त्रज्ञांच्या बैठकीत हे प्रश्न बावळट वाटतात, पण सुट्टीच्या दिवशी पिंजऱ्यातला जीव त्यांच्यावरच जगतो.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या मुलांना पाठ असतात. प्राण्याला पर्याय शोधा. पर्याय नसेल तर संख्या कमी करा. आणि जे कराल त्यात त्रास कमी करा. आपला कायदाही सांगतो की पुस्तके, मॉडेल, फिल्म यांनी काम भागत असेल तर शिकवण्यासाठी प्राणी वापरू नका, आणि केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नका. म्हणून सुई आणि नळीचा सराव रबरी मॉडेलवर होतो. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेल्या एक्सफार्म या संगणकीय कार्यक्रमावर जुने प्रयोग पडद्यावर करता येतात. बीएस्सीच्या वर्गात बेडूक कापत असत, ते आता बंद झाले.

आता अवघड भाग.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा एक रॅट आजारी पडला. २४० ग्रॅमचा १८५ वर आला. वीस टक्क्यांहून जास्त वजन घटले तर प्रयोग थांबवून प्राण्याची वेदनारहित अखेर करायची, असे तिच्याच अर्जात लिहिले होते. पण सहाचा गट पाचचा झाला असता, आणि तिला वाटत होते की तो सावरेल. त्या दिवशी मी पाहणीला गेले होते. ती रडत मला म्हणाली, "काकू, तुमच्यात तर मरेपर्यंत सांभाळतात ना? मग याला का नाही?"

पांजरपोळात म्हाताऱ्या बैलाशेजारी मी रात्री काढल्या आहेत. दयेपोटीही जीव घेऊ नये, हीच माझी श्रद्धा. मी तिला म्हटले, "हो, सांभाळतो. पण त्या बैलाला दुखणे आम्ही दिलेले नसते. याला आपण दिले आहे. ते लांबवायचा हक्क आपल्याला आहे का?" त्या संध्याकाळी मॅडमनी जे करायचे ते केले. मी बाहेर बाकावर णमोकार म्हणत बसले.

बैठकीत मी अजूनही प्राण्याच्या अखेरीच्या रकान्यावर मत देत नाही आणि तसे इतिवृत्तात लिहून घेते. सासूबाई याला 'अर्धी सही' म्हणतात. आहेच ती अर्धी. उरलेल्या अर्ध्यात मी संख्येचा रकाना धरून बसते, कारण जो प्राणी आणलाच नाही त्याला सोडवायचाही प्रश्न येत नाही. त्या घटनेनंतर मात्र एक नियम झाला: वजन रोज लिहायचे आणि त्यावर विद्यार्थ्याशिवाय दुसऱ्या कोणाची तरी सही हवी.

तुमच्यापैकी कोणाची मुले फार्मसीला किंवा बायोटेकला जात असतील, तर "असली पापाची लाइन का घेतलीस" म्हणून त्यांना गप्प करू नका. विचारा, "तुमच्या पिंजऱ्यांत नळी आहे का? रविवारी पाणी कोण देतं? हा प्रयोग प्राण्याशिवाय होतो का, हे शोधलंस का?" घरात असे प्रश्न ऐकलेले मूल प्रयोगशाळेत ते स्वतःच विचारते. आणि कुठल्या संस्थेने तुम्हाला अशा समितीवर बोलावले, तर आपण वैज्ञानिक नाही म्हणून नाही म्हणू नका. ती खुर्ची वैज्ञानिक नसलेल्यांसाठीच ठेवलेली आहे.

पुढच्या वेळी, कबूल केल्याप्रमाणे, दशलक्षणातल्या एकाशनाच्या ताटाबद्दल लिहीन.

जय जिनेंद्र.