सत्तेचाळिसावा नंबर

लंडनच्या ऑफिस ट्रिपमध्ये एक शनिवार मोकळा मिळाला. बाकीचे शॉपिंगला पळाले आणि मी किंग्ज क्रॉसहून केंब्रिजची ट्रेन पकडली. जेमतेम तासाभराचा प्रवास. तिथे गेल्यावर शहाणी माणसं जुनी कॉलेजं बघतात, नदीत होडी वल्हवतात. मी ते सगळं सोडून रेल्वे रुळांजवळच्या गोडाऊनछाप इमारतींकडे चालत सुटले.

तिथे आहे 'सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी'. बाहेरून पाहिलंत तर टायरचं दुकान वाटेल. आत मात्र जुने कम्प्युटर चक्क चालू असतात, आणि त्यांना हात लावायला परवानगी!

एक खोली ऐंशीच्या दशकातल्या शाळेच्या वर्गासारखी मांडलेली. टेबलांवर ओळीने बीबीसी मायक्रो. क्रीम रंगाची जाडजूड खोकी, काळी बटणं, वर लाल-केशरी बटणांची रांग आणि ते ठिपक्यांचं घुबड. पोटात गलबललंच.

कारण हा माझ्या शाळेतला कम्प्युटर. केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये बीबीसीच्या कम्प्युटर साक्षरता मोहिमेसाठी तो काढला. १९८४ मध्ये आपल्या सरकारने 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तेव्हा भारतातल्या निवडक शाळांत हाच आला. आमच्याकडेही. चपला बाहेर, आत एसी, मशीनवर खास शिवून घेतलेलं कव्हर. सर टाइप करायचे, आम्ही पन्नास जण मागून माना उंचावून बघायचो. हात लावायचा तो हजेरीपटाप्रमाणे. माझा नंबर सत्तेचाळिसावा. गाडी तिशीत पोचली आणि वार्षिक परीक्षा आली. पुढच्या वर्षी खोलीला कुलूप. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, ही धास्ती असणार, आज कळतं. तेव्हा नुसता राग यायचा.

आणि मेमरी किती, तर ३२ केबी! व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही त्यात मावायचा नाही. पण हेच एकॉर्नवाले पुढच्या मशीन्ससाठी नवा प्रोसेसर करत होते. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली ती चिप एप्रिल १९८५ मध्ये पहिल्यांदा चालली. तिचं नाव एआरएम. तुमच्या खिशातला फोन जवळजवळ नक्की तिच्याच खानदानातला. तिकडे हे चाललं होतं आणि इकडे आम्ही नंबर लावून उभे!

एक खुर्ची रिकामी दिसली. बसले. १० प्रिंट, अवतरणचिन्हांत माझं नाव. २० गोटू १०. रन. नाव धबाधबा स्क्रीनभर धावायला लागलं. थांबवायला म्हणून एक बटण दाबलं, ते नेमकं 'ब्रेक'. बीप! सगळं साफ, प्रोग्रामसकट. एवढ्या वर्षांनी नंबर लागला, तोही मीच घालवला.

मागून तिथले एक पांढऱ्या केसांचे स्वयंसेवक हसत म्हणाले, "'ओल्ड' टाइप करा."

केलं. मग रन. नाव पुन्हा धावायला लागलं, जिथल्या तिथे.

एक शाळकरी मुलगा खुर्चीसाठी ताटकळत उभा होता. त्याला मी आणखी पाच मिनिटं थांबवलं.