सोळा रुपयांचं मत

गणपतीला गावी गेलो होतो. पाऊस धो धो, मोबाईलला रेंज नाही, लॅपटॉप मुद्दामच पुण्यात ठेवलेला. मग काय, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत वाळवीने चाळण केलेले कागद आणि सारा भरल्याच्या पावत्या. काका शेजारी सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "अरे, जपून! तुझे पणजोबा कौन्सिलाला मत देत असत. अख्ख्या गावात दोन-तीन मतं, त्यातलं एक आपलं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर अभिमानानेच. या वेळी मात्र प्रश्न पडला, दोन-तीनच का?

पुण्याला आल्यावर दोन वीकेंड याच्यातच घातले. तर मंडळी, गोष्ट अशी. 1919 च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कौन्सिलसाठी 1920 मध्ये निवडणूक झाली. मतदारसंघ धर्मावर आणि शहर-खेडं या भेदावर पाडलेले. आमचा होता 'रत्नागिरी जिल्हा, मुसलमानेतर, ग्रामीण'. (आजचा सिंधुदुर्ग त्यातच, पण सावंतवाडी नाही. ते संस्थान होतं.) खेड्यात मताची मुख्य अट म्हणजे जमिनीचा आकार. इलाख्यात बहुतेक ठिकाणी 32 रुपये, रत्नागिरीत निम्मा, म्हणजे 16, कारण इथे तुकडे लहान आणि आकारही कमी. आमच्या भाषेत सांगायचं तर एका ओळीचा कोड: जर आकार >= 16 तर मतदार, नाहीतर घरी बसा.

सरकार बिचारं उदार वाटतं ना? मलाही वाटलं. पण आमचं गाव खोती. कुळं भात पिकवणार, त्यातला वाटा खोताकडे घालणार, वर वेठीला राबणार, आणि सरकारात सारा खोत भरणार. पावती खोताच्या नावाची. आणि गावातला एका हिश्शाचा खोत कोण? आम्हीच! म्हणजे नांगर धरला खालच्या वाडीने आणि मत पडलं आमचं. ट्रंकेतल्या पावत्यांकडे मग पूर्वीसारखं बघवेना.

1937 च्या निवडणुकीला अट 8 रुपयांवर आली. अस्पृश्य मतदारांसाठी वेगळी सवलतही होती. साक्षर असेल किंवा गावचा कनिष्ठ नोकर म्हणून काम करत असेल, तरी मत. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ज्या महार वतनाच्या चाकरीविरुद्ध आंबेडकरांनी 1928 मध्ये बिल आणलं होतं, तीच चाकरी आता मताची पात्रता ठरली. शिवाय मुंबई इलाख्यात जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. थोड्यांनी एकजूट केली तर माणूस निवडून यायचा.

आणि आला! आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून गेले. आंबेडकर स्वतः मुंबईतून आले, पण त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेले. बिल काही मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्याने.

हे सगळं परवा काकांना फोनवर सांगितलं. वाटलं, चिडतील. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बावन्न सालचं इलेक्शन मला आठवतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. शाळेपाशी रांग होती. खालची वाडी पहाटेच येऊन उभी, बायकासुद्धा. तुझे आजोबा उशिरा गेले, त्यांना सगळ्यांच्या मागे उभं राहावं लागलं. कोणी पुढे या म्हटलं नाही."

"मग?"

"मग काय. घरी आले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, भूक नाही."

पणजोबांच्या मताची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. ही मात्र पहिल्यांदाच.