उन्हाळी वेळ आणि गेवराईचे ऊन

अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील बहुतेक भागांत वर्षातून दोनदा घड्याळे हलवली जातात. वसंतात काटे एक तास पुढे, शरदात पुन्हा एक तास मागे. अमेरिकेत 2007 पासून मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार यासाठी ठरलेला आहे; युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. पहिल्या महायुद्धात, 30 एप्रिल 1916 रोजी, जर्मनीने कोळसा वाचवण्यासाठी ही उन्हाळी वेळ देशभर लागू केली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तोच मार्ग धरला. युद्ध संपले, कोळशाचे दिवसही सरत आले. घड्याळे हलवायची सवय तेवढी उरली. युरोपीय संसदेने 2019 मध्ये ती मोडण्याच्या बाजूने मत दिले, तरी काटे हलतच आहेत.

या प्रथेचा जाच बारीकसारीक असतो आणि म्हणूनच चिवट असतो. मोबाइल आपोआप वेळ बदलतो. भिंतीवरचे घड्याळ, जुनी मोटार आणि ओव्हन बदलत नाहीत. काही दिवस एकाच घरात दोन वेळा नांदतात. मार्चमधल्या त्या रविवारी पहाटेची एक तास झोप जाते आणि सोमवारी शाळेची मुले अंधारात उठवावी लागतात. मुळात हे सारे लवकर उठण्याचेच काम आहे. ‘उद्यापासून सगळ्यांनी एक तास आधी उठा’ असे सरकारने सांगितले तर कोणी ऐकणार नाही, म्हणून घड्याळालाच खोटे बोलायला लावले जाते.

बीड जिल्ह्यातील गेवराईला हे खोटे बोलण्याची गरज कधी पडली नाही. लंडनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक, तर सर्वांत लहान आठ तासांहूनही कमी असतो. गेवराई सुमारे सव्वाएकोणीस अक्षांशावर आहे. तिथला दिवस सव्वातेरा आणि अकरा तासांच्या मध्येच फिरतो. वाचवण्यासारखा उजेड फारसा नाहीच, आणि असता तरी तो संध्याकाळी कोणाला हवा असता? मे महिन्याच्या अखेरीस इथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. काटे तासभर पुढे केले असते तर घड्याळात आठ वाजेपर्यंत ऊन राहिले असते. थंड देशातल्या माणसाला हा नफा वाटतो. मराठवाड्यात माणूस मेमधल्या दुपारी सूर्य कधी कलतो याची वाट पाहत असतो.

तरीही उन्हाळी वेळ गेवराईत येते. ती फोनवरून येते. ‘तिकडे टाइम बदललाय’ हे वाक्य परदेशी मुलगा, भाऊ किंवा पुतण्या असलेल्या घरांत वर्षातून दोनदा ऐकू येते. न्यूयॉर्क आणि भारत यांतले अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. 2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला आली आणि नेमके त्याच पहाटे अमेरिकेतले काटे मागे गेले. आदल्या दिवसाच्या हिशेबाने बहिणीने संध्याकाळी सातला ओवाळायचे ताट घेऊन व्हिडिओ कॉल लावला, तर न्यू जर्सीतल्या भावाकडे साडेनऊ नव्हे, साडेआठच वाजलेले. रविवार असल्याने भाऊराया अंथरुणातच असणार. 2025 चा गुढीपाडवा 30 मार्चला होता, त्याच दिवशी ब्रिटनचे काटे पुढे सरकले. संकष्टीचा उपास करणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. जूनमध्ये लंडनला चतुर्थीचा चंद्र उगवायला मध्यरात्र होते. त्यातली बरीचशी वाट अक्षांशामुळे, पण शेवटचा तास निव्वळ घड्याळाचा. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्याला या उलाढालीची खबर नसते.

पोटापाण्यावर परिणाम होतो तो पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्यांच्या. न्यूयॉर्कची सकाळी नऊची बैठक उन्हाळ्यात भारतात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला पडते. शुक्रवारी रात्रीची गाडी धरून गावी जाणाऱ्याला हा एक तास चांगलाच महागात पडतो. मार्चमध्ये अमेरिका आधी आणि युरोप दोन-तीन आठवड्यांनी बदलतो. तेवढ्या काळात दोन्हीकडच्या लोकांना एका बैठकीत बसवणाऱ्याचे डोके दुखते.

घड्याळाशी झटापट मराठी मुलखाला तशी नवी नाही. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी विरोध केला, शहरात सभा झाल्या, आणि मुंबई महापालिका स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ‘बॉम्बे टाइम’ पाळत राहिली. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात भारताची प्रमाणवेळ आणखी तासभर पुढे नेलेली होती. म्हणजे त्या काळात मुंबईची जुनी वेळ आणि नवी वेळ यांत एक तास 39 मिनिटांची तफावत! रेल्वेने जगभर प्रमाणवेळ पसरवली. गेवराईत रेल्वे अजूनही नाही. प्रमाणवेळेने मात्र हा भाग पुरता व्यापला आहे. प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर आणि गेवराई पावणेशहात्तरच्या आसपास, त्यामुळे इथला सूर्य सरासरी बारा वाजून 27 मिनिटांनी माथ्यावर येतो. जवळजवळ अर्ध्या तासाची ही उन्हाळी वेळ बारमाही आहे, आणि तिची तक्रार कोणी करत नाही.

खरे बदल इथे वेळापत्रकात होतात, काट्यांत नाही. ऊन तापू लागले की जिल्हा परिषदेच्या शाळा ‘सकाळच्या’ होतात. मुले सातला वर्गात आणि अकराच्या सुमारास घरी. उन्हाळी वेळेचा उद्देश हाच तर आहे. फक्त तो उघडपणे आणि ज्याला लागू आहे त्याच्यापुरता साधला जातो. बाजार, एसटी, कचेरी यांचे काटे जागच्या जागी राहतात. ऊसतोडीला गेलेला कोयता, म्हणजे तोडणी करणारे जोडपे, तर घड्याळाआधीच उठतो, कारण पहाटे तोडलेल्या उसाचीच गाडी वेळेवर भरते.

सगळ्यात त्रासाचा बदल मात्र शेतीपंपाच्या विजेचा. थ्री-फेज लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. पाळी उलटली की शेतकऱ्याची झोपही उलटते. गोदाकाठी आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाला, कापसाला पाणी द्यायला थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन जावे लागते. सापाची भीती असतेच. ही पाळी कायमची दिवसावर आणण्यासाठी 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. जिथे दिवसाची वीज अजून पोचलेली नाही, तिथे शेतकरी मोटारीला ऑटोस्विच बसवतो आणि घरी झोपतो. महावितरण ते काढायला सांगते, कारण लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळतो. जळालेला डीपी बदलून येईपर्यंत मग दिवसाचीही पाळी नाही आणि रात्रीचीही नाही.