परत आलेलीं पुस्तकें

आमच्याकडून पुस्तकें वाचावयास नेणारे पुष्कळ. तीं आपण होऊन परत आणून देणारा विरळाच. त्यामुळें २०१९ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत एका सायंकाळीं वसतिगृहांत राहणारा आमचा एक विद्यार्थी दोन पुस्तकें घेऊन खोलीच्या दाराशीं उभा राहिला, तेव्हां आम्हांस मोठें समाधान वाटलें. परीक्षा तोंडावर आली असतां मागील देणें फेडून टाकणारा हा मुलगा किती व्यवस्थित, असें मनांत येऊन आम्हीं त्याची पाठ थोपटली.

मुलगा मात्र जागचा हालेना. “सर, यंदा परीक्षेला बसलोंच नाहीं तर चालेल का?” असें त्यानें हळूच विचारलें. उपदेशाची अशी संधि प्राध्यापकानें दवडावी, ही अपेक्षा कोणी करूं नये. धैर्य, उद्योग आणि आईबापांचे कष्ट यांविषयीं आम्हीं जें कांहीं ऐकविलें, तें व्याख्यान म्हणून वाईट नव्हतें. मध्यें एकदां आमची दृष्टि घड्याळाकडे गेली. ती त्याच्या लक्षांत आली असावी. “जातों सर,” एवढें म्हणून तो निघाला. आपल्याकडे निरोप घेतांना कोणी ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतात. शब्दांवरच पोट भरणाऱ्या आम्हांस तो शब्द खटकावयास हवा होता. खटकला नाहीं.

रात्रीं जेवण झाल्यावर सहज एक पुस्तक उघडलें. वाचनाची खूण बरोबर मध्यावर होती. वाचावयास घेतलेलें पुस्तक अर्ध्यावर टाकणारा तो मुलगा नव्हे, हें आम्ही जाणत होतों. मग ‘जातों’ हा शब्द आठवला आणि अंगावर कांटा आला. वसतिगृहाच्या रेक्टरांस फोन केला, तेव्हां कळलें कीं मुलगा सरकारी रुग्णालयांत आहे, सुखरूप आहे, आणि त्याच्याजवळ मामा बसले आहेत.

मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. त्या सायंकाळीं खोल्यांना कुलुपें लावीत फिरतांना त्यांना हा मुलगा जिन्याच्या पायरीवर बसलेला दिसला. त्यांनीं आपल्या थर्मासमधला चहा त्याच्यापुढें केला, शेजारीं बैठक मारली आणि जें विचारण्याची आमची छाती झाली नसती तें सरळ विचारलें, “पोरा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात आलंय का?” मुलगा रडूं लागला. मामांनीं त्याला उपदेश केला नाहीं. ‘वेड्यासारखें बोलूं नको’ असेंहि म्हटलें नाहीं. पाऊण तास ऐकून घेतलें, मग रेक्टरांस बोलाविलें, आणि दोघे मिळून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. “मला काय कळतंय सर? एकटं सोडायचं नाही, एवढंच,” असें ते आम्हांस म्हणाले.

पंचवीस वर्षें आम्ही ‘हॅम्लेट’ शिकवीत आलों होतों. त्या राजपुत्राच्या प्रसिद्ध स्वगतावर आम्हीं तासच्या तास खर्च केले असतील. परंतु तसलेंच एक स्वगत आमच्या दाराशीं उभें राहून मराठींत बोलूं लागलें, तेव्हां आम्हांस तें ऐकूं आलें नाहीं!

लंडनमधील चॅड व्हारा या धर्मोपदेशकाची गोष्ट येथें आठवते. जीव नकोसा झालेल्यांना केव्हांहि फोन करतां यावा, अशी सोय त्यानें १९५३ सालीं आपल्या चर्चमध्यें केली. पुष्कळ लोक समक्षहि येऊं लागले. व्हाराची भेट होईपर्यंत स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांचें बोलणें ऐकून घेत. गंमत अशी कीं, एवढ्यानेंच मन हलकें होऊन अनेकांना धर्मोपदेशकाची गरज उरत नसे. हें ध्यानीं येतांच १९५४ च्या फेब्रुवारींत त्यानें तें काम स्वयंसेवकांच्याच हातीं सोंपविलें. पुढें जगभर पसरलेली ‘समॅरिटन्स’ संस्था ती हीच. आमच्या मामांनीं हें नांवहि ऐकलेलें नाहीं.

अर्थात् चहा हें औषध नव्हे. त्या मुलाला पुढें कित्येक महिने उपचार घ्यावे लागले, आणि एक वर्ष गेलें. दुसऱ्या दिवशीं गांवाहून आलेल्या त्याच्या वडिलांना मात्र निराळीच धास्ती होती. आतां हें प्रकरण पोलिसांत जाईल काय? वस्तुतः २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक तणावाखालीं होता असें गृहीत धरून, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार मिळवून देणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. येथें तर प्रयत्नहि घडला नव्हता. परंतु भीति कायदा वाचून येत नाहीं, आणि तिच्यापायीं किती घरें वेळेवर डॉक्टरांची पायरी चढत नाहींत!

आज दारें पूर्वीपेक्षां अधिक आहेत. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरविला कीं रात्रंदिवस, विनामूल्य, आणि मराठींतहि बोलतां येतें. जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२ हा क्रमांक किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गांठावा. शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेंत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें सांगितलें आहे. परंतु बुडत्याला पाटी वाचवत नाहीं. त्या दारापर्यंत हात धरून नेणारें कोणी तरी लागतें. विचारल्यानें नसता विचार मनांत भरेल, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानें कोंडलेलें मन मोकळें होतें. मित्रानें ‘कोणाला सांगूं नको’ म्हणून शपथ घातली असली, तरी ती खुशाल मोडावी. घातक वस्तु त्याच्या हातापासून दूर ठेवाव्या, आणि दुसरें माणूस येईतों तेथून उठूं नये.

आमच्या खोलीच्या दारावर आतां वेळापत्रकाच्या वर १४४१६ हा आंकडा लिहिलेला आहे, आणि खुर्चीसमोरचें घड्याळ आम्हीं पाठीमागच्या भिंतीवर लावून घेतलें आहे. तो मुलगा पुढच्या वर्षीं परीक्षा उत्तीर्ण झाला. सध्यां नोकरींत आहे. गेल्या दिवाळींत मामांना फराळ देऊन तो आमच्याकडे आला आणि तें अर्धें राहिलेलें पुस्तक मागून घेऊन गेला. निघतांना “येतों सर” म्हणाला. पुस्तक अद्याप परत आलेलें नाहीं. आम्हांस मुळींच घाई नाहीं.