एका पावलीचे देणे

माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. जगातील निरनिराळ्या क्रीडास्पर्धांच्या स्मरणार्थ काढलेली एकतीस नाणी त्यात आहेत. पाहुणे आले की मी तो डबा हौसेने उघडतो; मात्र एक नाणे दाखवताना हात किंचित अडखळतो. संग्रहातले ते सर्वांत कमी मोलाचे नाणे आहे. पंचवीस पैशांचे, १९८२ सालचे, दिल्लीच्या नवव्या आशियाई स्पर्धांचे.

त्या स्पर्धा १९ नोव्हेंबरला सुरू झाल्या, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. देशात रंगीत दूरदर्शन त्याच वर्षी आले, असे आम्ही वर्तमानपत्रात वाचले. मालवणजवळच्या आमच्या वाडीत मात्र ट्रान्झिस्टर हाच डोळा आणि हाच कान. १ डिसेंबरला हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरवले, त्या रात्री माझे वडील न जेवताच निजले. महिलांच्या हॉकीत मात्र सुवर्णपदक मिळाले. त्या संघाची कर्णधार होती पुण्याची एलायझा नेल्सन. नाव कानी पडताच वाडीतल्या बायांनी ती आपल्याच कुणाच्या तरी नात्यातली असल्याचे ठरवून टाकले.

स्पर्धा संपल्या आणि १९८३ च्या उपवासकाळातील एका रविवारी मिस्साला निघताना आईने माझ्या हातावर पावली ठेवली. आई सुकी मासळी विकत असे. तिच्या पैशांना तो वास असायचाच. ‘‘ह्यां थाळयेत घाल हां, बाबू,’’ ती म्हणाली. देवळात बाकावर बसल्यावर मी मूठ उघडून पाहिली. एका बाजूस नेहमीचे सिंह. दुसऱ्या बाजूस दिल्लीच्या जंतरमंतरची आकृती आणि माथ्यावर आशियाई खेळांचा सूर्य. ट्रान्झिस्टरवर ऐकलेले सारे जणू त्या चकतीत उतरले होते. अर्पणाची थाळी आली. मी रिकामी मूठ तिच्यावरून फिरवली आणि ती शेजारच्या मुलाकडे सरकवली.

त्या पावलीमागून इतर नाणी येत गेली. आमच्या किनाऱ्यावरची माणसे जहाजांवर नोकऱ्या करतात. कुणी येताना साबण आणी, कुणी अत्तर, आणि माझा छंद ठाऊक झाल्यावर कुणी एखादे नाणे. मॉस्कोच्या १९८० च्या ऑलिंपिकसाठी सोव्हिएत टांकसाळीने काढलेला क्रेमलिनचा रूबल असाच एका खलाशाने दिला. त्या १९७८ च्या रूबलांपैकी काहींवर मनोऱ्यावरील घड्याळाचा रोमन अंक चुकलेला आहे. चारच्या जागी सहा. पश्चिम जर्मनीने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी दहा मार्कांचे चांदीचे नाणे काढले, त्यावर प्रथम ‘जर्मनीत’ असे कोरले होते. पूर्व जर्मनीने हरकत घेतली, आणि पुढील नाण्यांवर ‘म्युनिकमध्ये’ असा बदल झाला. एका शब्दासाठी दोन राष्ट्रे झगडली. त्याच स्पर्धेत अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. नाणी त्यापूर्वीच पाडायला घेतलेली; ती चकाकतच राहिली.

खेळातील यश नाण्यावर मिरवण्याची रीत ख्रिस्तपूर्व काळापासूनची आहे. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याचा घोडा इ. स. पू. ३५६ मध्ये ऑलिंपियात जिंकला, आणि राजाने आपल्या चांदीच्या नाण्यांवर घोडेस्वार कोरला. आधुनिक ऑलिंपिकचे पहिले स्मारक नाणे फिनलंडने हेलसिंकीच्या स्पर्धेसाठी काढले, पाचशे मार्कांचे. ते माझ्याजवळ नाही. माझ्या धर्मगुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवाला एका सधन धर्मग्रामस्थाने ते देऊ केले होते. मी घेतले नाही. धर्मप्रांतीय धर्मगुरूने दारिद्र्याचे व्रत घेतलेले नसते हे खरे, पण व्रत नसले म्हणून लाजही नसावी असे थोडेच आहे! शिवाय हेलसिंकी म्हटले की मला चांदी आठवत नाही. त्या १९५२ च्या स्पर्धेत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या सात हजारांतील एखादा कळकट रुपया मिळाला असता, तर मी तो डब्यात सर्वांत वर ठेवला असता.

मी सेमिनरीत गेलो तेव्हा डबा बरोबर होता. करिंथकरांस लिहिताना संत पौल धावण्याच्या शर्यतीचा दाखला देतो आणि कोमेजणाऱ्या मुकुटाविषयी बोलतो. तो पाठ शिकताना मला डबा आठवला, आणि डब्याबरोबर पावली. दीक्षेपूर्वीच्या तपसाधनेत मी एका वृद्ध फादरांपाशी ते पाप कबूल केले. गुप्ततेचे बंधन पुरोहितावर असते, कबुली देणाऱ्यावर नाही, म्हणून सांगतो.

‘‘नाणे अजून तुझ्यापाशी आहे?’’ त्यांनी विचारले.

‘‘आहे, फादर.’’

‘‘मग तू चोरी केली होतीस असे का म्हणतोस? ती अजून चालू आहे. परत कर.’’

दुसऱ्याच दिवशी मी दानपेटीत पाच रुपये टाकले. मुद्दल अधिक व्याज. फादरांच्या मनात पंचवीस पैसे होते की ते नाणे, याची खात्री मी करून घेतली नाही. करून घ्यावीशी वाटली नाही, हे अधिक खरे.

पुढे सरकारने जाहीर केले की ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनात राहणार नाहीत. तोपर्यंत ती बँकेत बदलून घ्यायची होती. आमच्या सॅक्रिस्टीच्या कपाटात वर्षानुवर्षांच्या पावल्यांची एक थैली निघाली. कोषाध्यक्ष, निवृत्त शिक्षिका, मोजायला बसल्या, मीही बसलो. त्यांचा हिशेब मोठा कडक. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे दोन रुपयांचे नाणे मी अर्पणातून बदलून घेतले, तेव्हाही त्यांनी वहीत नोंद करून माझी सही घेतली होती. (त्या स्पर्धांच्या हिशेबांवरून पुढे जे कानी आले, ते पाहता दिल्लीत अशा बाई हव्या होत्या.) ढिगात जंतरमंतरच्या आणखी दोन पावल्या सापडल्या. माझी तिसरी खिशात होती; ती त्यांत टाकावी म्हणूनच मी बसलो होतो. उद्यापासून ती ना देवाच्या कामाची, ना कैसराच्या. बाईंनी थैली बांधली. दोन पावल्या बँकेत गेल्या. तिसरी माझ्याबरोबर खोलीत परतली.

विधवेच्या दमडीवर मी दर तीन वर्षांनी प्रवचन करतो. ते लांबते, अशी तक्रार आहे.

आईच्या अखेरच्या वर्षी एका सुटीत मी डबा घरी नेला. तिला दिसत कमी होते. नाणी बोटांनी चाचपून ती कुठली, हे मला विचारी. पावली तिने बोटांत धरली आणि सोडली नाही. मी सारे सांगितले.

‘‘माका तवाच म्हायत होता,’’ ती म्हणाली. ‘‘थाळी तुझ्या फुड्यात इली तेवा मियां बघी होतंय. फुडल्या आयतारा मियां दोन घातलंय.’’

मग तिने पावली डब्यात ठेवली. झाकण जुने, वाकलेले. तिला ते बसवता येईना. मी दाबून बसवले.