जस्ताचं निमित्त

रोपवाटिकेवाल्यानं फोनवर ऐकवलेलं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. "मालक, तुमच्या जमिनीत जस्त कमी आहे, रोपात काही नाही." आमच्या मिरजगावच्या बाजूला चुनखडीचं रान पुष्कळ, तिथं जस्ताची उणीव नेहमीची. त्याचं म्हणणं म्हणून तर जास्त लागलं. एका खऱ्या गोष्टीच्या आड त्यानं आपला खोटा माल लपवला.

आमचा कर्जत तालुका पर्जन्यछायेतला. ज्वारी, तूर, कांदा यांत आयुष्य गेलं. शेजारी श्रीगोंद्याची लिंबं बघून आम्हीही वळलो. कागदी लिंबू, २० बाय २० फुटांवर, ठिबक. बाकी सगळे करतात तसंच. मोसमाचे पहिले पाऊस झाले आणि पानांवर तपकिरी ठिपके उठले.

जस्त कमी पडलं की कोवळी पानं बारीक राहतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो. पान हाताला मात्र गुळगुळीत लागतं. माझ्या रोपांच्या पानांवर दोन्ही बाजूंनी उठावदार पुटकुळ्या होत्या, बोट फिरवलं की खरखर लागे. पान सूर्याकडे धरलं की प्रत्येक ठिपक्याभोवती पिवळं कडं. शेजारच्या तात्यांनी पान हातात घेतलं, नीट बघितलंसुद्धा नाही, नुसतं चोळलं आणि म्हणाले, "खैऱ्या हाय." डोळे मिटून ओळखता येणारा रोग आहे हा. जिवाणूचा रोग, पावसाच्या शिंतोड्यानं आणि वाऱ्यानं पसरतो. नागअळीनं पानात नागमोडी वाटा पोखरल्या की त्या जखमांतून आत शिरतो.

मी पुन्हा फोन केला. पुन्हा जस्त. तेव्हा आठवलं, तूट भरायला म्हणून जादा आणलेली काही रोपं गोठ्याच्या कडेला पिशवीतच उभी होती. त्यांनी माझी जमीन बघितलेलीच नव्हती. मुळाशी माती रोपवाटिकेची, पिशवी रोपवाटिकेची. जाऊन बघितलं. खालच्या, म्हणजे रोपाबरोबर आलेल्या जुन्या पानांवरच ते ठिपके सगळ्यात मोठे होते, मधे फुटून खडबडीत झालेले. वरच्या नव्या पालवीवर बारीक आणि ताजे. आजार कुठून कुठं गेला ते पानांवरच लिहिलेलं होतं. मी एक पिशवी उचलली, मोटारसायकलला बांधली आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवली. पिशवी बघून तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पाणी तर तुमचंच घातलं ना?"

जमीन नाही तर पाणी, पाणी नाही तर हवा. त्याच्या मागच्या भिंतीवर परवाना टांगलेला होता. फळरोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे. पण तक्रारीला कागद लागतो, आणि माझ्याकडे होती नुसती चिठ्ठी: 'लिंबू रोपे', संख्या आणि रक्कम. ना जात, ना सही. पक्कं बिल मागितलं तेव्हा 'नंतर देतो' म्हणालेला. पानं तपासून रोपं घ्यायची असतात, असंही मला तिथं ऐकवलं गेलं. रोपं घेणाऱ्यानं रोगतज्ज्ञ होऊन यायचं, तर परवाना कशाचा? दुकानातून गोळी घेताना कुणी ती फोडून तपासतो का?

संतापात सगळी बाग उपटायची ठरवली होती. अमेरिकेत फ्लोरिडानं या रोगापायी हेच केलं. १९९५ नंतर शोधून शोधून झाडं तोडली, रोगट झाडाच्या आसपासची निरोगी झाडंसुद्धा. संख्या दीड कोटीच्या वर गेली. २००४-०५ च्या चक्रीवादळांनी जिवाणू इतका पसरवला की २००६ मध्ये तो नाद सोडावा लागला. आपल्याकडे तर रोग घरचाच. लंडनजवळच्या क्यू उद्यानात भारतातून १८२७ ते १८३१ दरम्यान नेलेले महाळुंगाचे वाळवलेले नमुने आहेत, त्यांवरही हे डाग सापडले आहेत. दोनशे वर्षांच्या बिऱ्हाडकरूला मी एकटा कुठून हाकलणार?

तात्यांच्या जुन्या झाडांवर खैऱ्या आहे आणि तरी ती लगडतात. त्यांच्याकडूनच शिकलो. पावसाआधी रोगट काड्या छाटून जाळायच्या. मग १ टक्का बोर्डो: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं आणि त्याच दिवशी मारायचं. स्वच्छ विळा द्रावणात बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. नव्या पालवीवर नागअळी येऊ द्यायची नाही. आणि जमेल तितका हस्त बहार धरायचा, कारण त्याची फळं कोरड्या दिवसांत पोसतात. आंबे बहाराच्या फळाला शेवटी पाऊस गाठतो आणि डाग पडतात.

डाग सालीवरच राहतो, आत रस तोच, आंबटपणा तोच. तरी बाजारात अशी लिंबं वेगळी काढतात, 'डागी' म्हणून भाव पाडतात. तिथं रोपवाटिकेवाला नसतो.

ज्यांना लागवड करायचीय त्यांना माझं एवढंच सांगणं: पान उलटून बोट फिरवल्याशिवाय आणि जातीचं नाव लिहिलेलं बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. वर मी तक्रार केली की हे शेतकऱ्याचं काम नव्हे. नव्हेच. पण दुसरं कुणी करत नाही.

मुलगा म्हणतो, उरलेल्या पट्ट्यात राहुरी विद्यापीठाची साई शरबती लावू, ती खैऱ्याला सहजासहजी दाद देत नाही. मला पटतं. जुनी झाडं मात्र तो काढायला निघाला की मीच आडवा येतो. नवी-जुनी शेजारी शेजारी ठेवणं धोक्याचं, हे तो मला समजावतो, आणि त्याचं बरोबर आहे. यंदा या झाडांना पहिल्यांदा चांगला हस्त बहार फुटलाय. ती लिंबं निघेपर्यंत तरी कुऱ्हाड लावायची नाही, असं मी त्याला बजावलंय.