मागची काच

हॅचबॅक गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या मुलाचं डोकं आणि मागची काच यांच्यात जेमतेम वीत-दीड वीत अंतर असतं. या गाडीची पाठ म्हणजे एक दार असतं. ते वर उघडतं, खाली मिटतं, आणि त्याच्याबरोबर काचही दर वेळी हिसका खाते. 1983 साली मारुती 800 आली, 1998 साली पुण्यात बनलेली इंडिका आली, आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांनी ही बांधणी आपली मानली. पुढे मोठी माणसं, मागे मुलं, मुलांच्या मागे पिशव्या आणि पिशव्यांच्या मागे ती काच. पुढच्या काचेकडे आपण रोज बघतो, तिच्यावरचा बारीक ओरखडाही डोळ्यांत खुपतो. मागच्या काचेची आठवण धूळ बसली की होते.

वैशाखात आम्ही तुळजापूरला निघालो होतो. सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, म्हणून उन्हं चढायच्या आत निघायचं ठरलं होतं. पण घरातून पाय निघेपर्यंत अकरा वाजले. गाडी विजापूर रोडवरच्या आमच्या गल्लीत सकाळपासून उन्हात उभी होती. सोलापूरच्या वैशाखात अकराचं ऊन म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. धाकट्या बहिणीची दोन्ही मुलं मागे बसली, मेहुण्यांनी पिशव्या ठेवल्या आणि रोजच्यासारखी डिकी लावली. आपटली नाही, नेहमीच्या जोरानेच लावली. फट्कन आवाज झाला आणि आख्खी काच जागेवरून नाहीशी झाली. मुलांच्या केसांत, कॉलरीत, मांडीवर, सीटच्या फटीत सगळीकडे पांढरे दाणे. बहिणीच्या तोंडून शब्द फुटेना. आम्ही मुलांना अलगद बाहेर काढलं, ओणवं करून केस झटकले, कपडे उतरवले. मोठ्याच्या कानाच्या पाळीवर एक बारीक ओरखडा उमटला होता. बाकी काही नाही. धाकटीने एक दाणा चिमटीत धरून विचारलं, ही खडीसाखर आहे का?

त्या ओरखड्याकडे बघताना मला आजी आठवली.

आजीच्या घरी प्रभाकर कंदील होता. श्रीपाद प्रभाकर ओगल्यांनी 1916 साली कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला, त्या जागेचं नावच पुढे ओगलेवाडी झालं, आणि तिथला कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत लागला. त्याच्याही आधी, 1908 साली, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक-एक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून, टिळकांच्या पाठबळाने. आपल्या आजी-पणजीच्या हातात आलेली देशी काच अशा लोकांच्या कष्टातून आलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ती काच फुटायची मात्र वाईट. कंदिलाच्या तापलेल्या चिमणीवर पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकायची. काचेतून उष्णता सावकाश पसरते. जिथे थेंब पडला तेवढीच जागा आकसते, शेजारची जागा तापलेली, फुगलेलीच राहते, आणि त्या ओढाताणीत भेग जाते. मग निघायचे लांब, टोकदार, सुरीच्या धारेचे तुकडे. आजी मोठे तुकडे हाताने उचलायची आणि बारीक कण टिपायला कणकेचा ओला गोळा जमिनीवर फिरवायची. तिच्या उजव्या अंगठ्यावर एक जुना व्रण होता. तो चिमणीचाच, असं ती सांगायची.

गाडीच्या मागच्या काचेत हीच ओढाताण माणसाने मुद्दाम कोंडून ठेवलेली आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. साधी काच हव्या त्या आकारात कापतात, वळवतात, सुमारे साडेसहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. वरची कातडी आधी थिजते. आतला गाभा अजून तापलेला असतो. तो मागाहून निवतो, आकसू बघतो, पण थिजलेली कातडी त्याला आकसू देत नाही. म्हणून अशी काच जन्मभर दोन विरुद्ध ताण वागवते: कातडी दाबलेली, गाभा ओढलेला. काचेला भेग जाते ती पृष्ठभागावरून, आणि इथे पृष्ठभागच आवळलेला असल्याने भेगेला तोंड फुटत नाही. साध्या काचेपेक्षा ही काच चार-पाच पट दणकट होते ती यामुळे. ज्या अचानक गारव्याने आजीची चिमणी फुटायची, तोच गारवा सगळीकडून सारखा आणि मोजून दिला की काचेला बळ येतं.

पण एकदा का भेग कातडी ओलांडून गाभ्यापर्यंत पोचली, की आतला सगळा ताण एका दमात सुटतो. भेगेला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात, आणि हे सगळं सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने. आपल्याला दिसतं ते इतकंच की काच होती आणि आता नाही. सतराव्या शतकात युरोपातले लोक वितळलेल्या काचेचे थेंब पाण्यात टाकून हा चमत्कार बघायचे. थेंबाच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नसे, आणि बारीक शेपूट मोडली की सगळ्याचा भुगा. इंग्लंडच्या राजाला असे थेंब प्रिन्स रूपर्टने दाखवले, म्हणून त्याचं नाव त्यांना चिकटलं. दरबारातल्या त्या करमणुकीपासून 1874 मधल्या फ्रान्सच्या द ला बास्तीच्या पेटंटपर्यंत, म्हणजे तापलेली काच तेलात बुडवून कणखर करण्यापर्यंत, दोनशे वर्षं गेली.

पुढची काच वेगळी. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. ती तडकते, जाळी धरते, पण जागा सोडत नाही. फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तसच्या हातून 1903 मध्ये एक चंबू पडला, फुटला, पण आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरामुळे तुकडे सुटले नाहीत, आणि त्यातून ही कल्पना निघाली असं सांगतात. पूर्वी आपल्याकडच्या गाड्यांना पुढेही दाणे होणारीच काच असायची. खडा लागला की समोर सगळं एकदम पांढरं व्हायचं, आणि रस्ता दिसावा म्हणून ड्रायव्हर काचेला बुक्कीने भोक पाडायचे.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त भावलं ते एक सरकारी कलम. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, त्यातला शंभरावा नियम. गाडीची काच 'सुरक्षित' असली पाहिजे असं तो सांगतो आणि सुरक्षित म्हणजे काय तेही सांगतो: फुटली तर जिचे तुकडे उडून माणसाला खोल जखमा करणार नाहीत अशी. काच किती चकचकीत, किती मजबूत, याने तिची व्याख्या झालेली नाही. ती कशी फुटेल याने झाली आहे. संयुक्त राष्ट्रांचा 43 क्रमांकाचा वाहननियम तर त्याही पुढे जातो. अशी काच टोकदार हत्याराने मुद्दाम फोडायची, पाच सेंटिमीटरच्या चौकोनात तुकडे मोजायचे, आणि ते चाळीसहून कमी भरले तर काच नापास. कमी तुकडे म्हणजे मोठे तुकडे, आणि मोठे तुकडे म्हणजे कुणाचा तरी गळा. कुठेतरी कुणीतरी वाकून हे दाणे मोजले आहेत, म्हणून आमच्या मोठ्याच्या कानावर फक्त ओरखडा होता. त्या अनोळखी माणसांबद्दल मला जी कृतज्ञता वाटते ती मोठी आहे आणि ती कुठे पोचवावी हे मला कळत नाही.

नवी काच बसवायला गाडी सोलापूरच्या पूर्व भागात नेली. मागे प्लास्टिकचा कागद चिकटवून, हळूहळू. दुकान लहान, पुढे पत्र्याची सावली, दुकानदार साठीचे पद्मशाली गृहस्थ, त्यांना सगळे मामा म्हणतात. पोराशी तेलुगूत बोलायचे, माझ्याशी मराठीत. त्यांनी आधी गाडीचं मॉडेल, वर्ष, कोणता प्रकार ते बघितलं. मागे वायपर आहे का, डिफॉगरच्या तारा आहेत का, ब्रेकचा वरचा दिवा काचेत आहे की पत्र्यात. ही काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणून वायपरचं भोक, कडेची काळी पट्टी, चांदीच्या लेपाने छापलेल्या त्या बारीक आडव्या रेघा, सगळं आधीच झालेलं लागतं. चुकीची काच आली तर ती परत पाठवण्याखेरीज काही करता येत नाही.

"ताई, तुमच्या मेहुण्यांचा काही दोष न्हाई," मामा म्हणाले. "कडेला कधीतरी बारीक टिचकी बसली असंल. दिसत बी न्हाई ती. वरनं असलं ऊन. मग एक दिवस निमित्त होतंय." काचेचं मर्म तिच्या कडेत असतं. मधोमध ठोसा सोसणारी काच कडेवरच्या टिचकीला हार जाते.

काम बघत मी तिथेच बसले. डिकीच्या आतलं प्लास्टिकचं कव्हर काढून पत्र्याच्या पोकळीतले दाणे व्हॅक्युमने ओढले. हे अर्धवट केलं तर डिकी उघडताना वर्षभर खळखळ वाजत राहते. जुनं काळं सिलंट पातीने तासलं, पण पुरतं नाही. पातळसा थर मुद्दाम ठेवला, कारण नवं सिलंट त्याला चांगलं धरतं. पत्र्यावर ओरखडा गेला तिथे प्रायमर लावला, नाहीतर आतून गंज धरतो. मग पिस्तुलाने सिलंटची एकसारखी उंच रेघ, कुठेही तुटू न देता. दोघांनी रबरी कप लावून काच उचलली आणि एकदाच, अचूक, टेकवली. हे सिलंट हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं, आणि कडेची काळी पट्टी शोभेची नाही, ती उन्हापासून त्या सिलंटला जपते, हे मला तिथे समजलं. मामा ही कामं मारुती 800 वर शिकले. तेव्हा चिकटवणं नव्हतं. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावून काच बाहेरून दाबायची आणि आतून दोरी ओढत ओढत रबराची कड पत्र्यावर आणायची. सांगताना त्यांचे हात तीच दोरी ओढत होते.

मामांचे वडील मागावर होते. चादरीच्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा कसा उडतो हे त्यांनी मला सांगितलं. धागा अडकला, दोरा तुटला, की लोखंडी टोकांचा तो धोटा मागातून सुटतो आणि समोर जो असेल त्याला लागतो. वडिलांच्या भुवईवर त्याची खूण होती. धोटा अडवायला मागाला जाळी किंवा दांडी लावता येते, ती लावलेली असायलाच हवी. पण लहान कारखान्यात ती काढून ठेवलेली असे, कामाला आड येते म्हणून. मामा हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. मला मात्र राग आला, आणि तो अजून आहे. ज्या शहराने देशाला चादरी पांघरायला दिल्या, त्या शहरातल्या विणकराच्या डोळ्याचा विचार माग बसवणाऱ्याने करू नये? काचेच्या बाबतीत जगाला जे सुचलं, ते धोट्याच्या बाबतीतही सुचलं होतं. फक्त आमच्या पूर्व भागातल्या बोळांपर्यंत ते आलं नाही, किंवा आलं आणि खुंटीला टांगून राहिलं.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण पुष्कळांना माहीत नसतं. गाडीच्या विम्यात रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, काचेवर काहीच कापत नाहीत. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो, आणि तो पाच वर्षांत वीस टक्क्यांवरून पन्नासपर्यंत चढलेला असतो. शिवाय लहान गाडीला हजार रुपयांची सक्तीची वजावट आहेच. दोन्ही आकडे कागदावर मांडून बघावेत आणि मग ठरवावं. आम्ही खिशातून दिले. निघताना मामांनी बजावलं: उद्यापर्यंत एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, दार जोरात लावू नका; बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ओल्या सिलंटवरची काच बाहेर ढकलते. बहिणीने मुलांना ते पाठच करून घेतलं.

राहिले ते गल्लीत सांडलेले दाणे. झाडून गोळा केले तर पोत्याचा तळ भरला. भंगारवाल्याला नको होते. मी एका पोत्यात दुसरं पोतं घालून ते भरले, तोंड बांधलं, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहिलं आणि सकाळी घंटागाडीवरच्या बाईंच्या स्वाधीन केलं, सांगून. त्यांनी पोत्यावर हात ठेवून चाचपलं.

"ही न्हाई कापत ताई एवढी," त्या म्हणाल्या. "बाटल्या कापतात. आन ट्यूबलाइट. लोक भाजीच्या पिशवीत घालून देतात, वर साली टाकतात." त्यांनी हातमोजा काढून दाखवला. तळहातावर आडवे-उभे व्रण होते, काही जुने, एक ताजा.

बाटलीने कसं फुटावं हे सांगणारा नियम मला तरी माहीत नाही. तिच्या तुकड्यांना आजीच्या चिमणीइतकीच धार असते, आणि ती धार ज्या हाताला लागते तो हात ती बाटली विकत घेणाऱ्याचा नसतो. त्याच संध्याकाळी मी गल्लीतल्या बायकांशी बोलले. काहींना पटायला वेळ लागला, एकीने सरळ सांगितलं की एवढा उपद्व्याप कोण करणार. तरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने तेलाचा रिकामा डबा दिला, मेहुण्यांनी त्याला झाकण आणि कडी बसवली, आणि बहिणीच्या मोठ्याने त्यावर लाल रंगाने 'फक्त फुटकी काच' लिहिलं. घंटागाडीच्या बाई आता दर शनिवारी तो डबा कडीला धरून उचलतात. ट्यूबलाइट त्यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं काय करायचं याचं बोलणं चालू आहे.